रणगाड्यांची युद्धचित्रे : दिसलेले यंत्र, न दिसलेली माणसे

१५ सप्टेंबर १९१६ रोजी सकाळी उत्तर फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात ब्रिटिश सैन्याने एक अनोखे वाहन रणांगणात उतरविले. पोलादी पत्र्यांनी मढविलेले, साखळीपट्ट्यांवर सरपटणारे, खंदक आणि काटेरी तारांची कुंपणे तुडवीत पुढे सरकणारे हे यंत्र शत्रूने तर सोडाच, पण ज्यांच्या मदतीसाठी ते आणले होते त्या ब्रिटिश पायदळातील बहुतेकांनीही पूर्वी पाहिलेले नव्हते. लंडनच्या वृत्तपत्रांनी पुढचे काही दिवस रकानेच्या रकाने भरून त्याचे वर्णन केले. त्याचे छायाचित्र छापण्यास मात्र लष्कराची परवानगी नव्हती. वाचकांना पाहायचे होते आणि दाखविण्यास मनाई होती. ही उणीव चित्रकारांनी भरून काढली. रणगाड्यांच्या युद्धचित्रांची परंपरा सुरू झाली ती अशी.

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काढलेली व छापलेली ही चित्रे आज संग्रहालयांत, लिलावांत आणि हौशी संग्राहकांच्या भिंतींवर ऐतिहासिक कलाकृती म्हणून मान मिळवून आहेत. त्यांच्याकडे लढाईचा पुरावा म्हणून पाहण्याचा मोह साहजिक आहे. प्रत्यक्षात त्यांतील बहुसंख्य चित्रे लढाई कशी झाली यापेक्षा, ती जनतेला कशी दिसावी असे राज्यकर्त्यांना वाटत होते, याचा अधिक भरवशाचा पुरावा ठरतात. हा फरक ध्यानात ठेवला तर या चित्रांचे मोल घटत नाही. उलट ती वाचण्याची खरी किल्ली हाती येते.

छायाचित्राआधी आलेले चित्र

रणगाड्याची कल्पना चित्ररूपाने लोकांसमोर त्याच्या जन्माआधीच आली होती. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांची भूमीवरून चालणाऱ्या पोलादी युद्धनौकांची कथा १९०३ च्या डिसेंबरमध्ये 'स्ट्रँड' मासिकात प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यासोबत क्लॉड शेपर्सन यांची चित्रे होती. तेरा वर्षांनी प्रत्यक्षात आलेले यंत्र मात्र अत्यंत गुप्तपणे घडविले गेले. लिंकन येथील विल्यम फॉस्टर कंपनीच्या कारखान्यात ते तयार होत असताना, ही पाणी वाहून नेण्याची टाकी आहे, अशी बतावणी करण्यात आली. इंग्रजीतील 'टँक' हे नाव त्यातूनच रूढ झाले.

या गुप्ततेत चित्रकारांचाही हात होता. सॉलोमन जे. सॉलोमन हे रॉयल अकादमीचे मान्यवर चित्रकार. आसपासच्या भूमीत मिसळून जावे म्हणून पहिल्या रणगाड्यांवर हिरव्या, तपकिरी रंगांचे पट्टे त्यांनी रंगविले. रणांगणावरील चिखलाने थोड्याच वेळात ही सारी रंगसंगती झाकून टाकली, हा भाग निराळा.

पहिल्या हल्ल्याच्या दिवशी छायाचित्रकार हजर नव्हते, असे नाही. अधिकृत युद्धछायाचित्रकार अर्नेस्ट ब्रुक्स यांनी १५ सप्टेंबरलाच 'क्लॅन लेस्ली' नावाच्या रणगाड्याचे छायाचित्र घेतले आणि ते आज जगभर परिचित आहे. परंतु रणगाड्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येण्यास नोव्हेंबर उजाडावा लागला. मधल्या दोन महिन्यांत बातमीदारांच्या उपमा हाच वाचकांचा आधार होता. कोणी त्याला प्रागैतिहासिक सरडा म्हटले, कोणी चिखलातून उठलेला राक्षस. फ्लेर्स गावाच्या रस्त्यावरून एक रणगाडा चालला असून मागून पायदळ जल्लोष करीत येत आहे, ही विमानातून टिपलेली वार्ता तर घरोघरी पोहोचली. यंत्र ठाऊक नसले तरी उपमा ठाऊक होत्या आणि पुढील अनेक चित्रांतील रणगाडा या उपमांच्याच साच्यातून निघाला. तो वाहनापेक्षा श्वापद अधिक होता.

म्युरहेड बोन आणि सरकारी चित्रसंग्रह

या कोलाहलात एक संयत आवाज होता तो म्युरहेड बोन यांचा. १८७६ मध्ये ग्लासगो येथे जन्मलेले बोन हे अम्लरेखनात निष्णात होते. तांब्याच्या पत्र्यावर रेषा आम्लाने कोरून तिचे ठसे घेण्याची ही कला होय. १९१६ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना पहिले अधिकृत युद्धचित्रकार नेमले. नेमणूक झाली ती चार्ल्स मास्टरमन यांच्या प्रचार खात्याकडून. चित्रांनी तटस्थ देशांचे, विशेषतः अमेरिकेचे मत आपल्या बाजूला वळवावे, हा त्यामागील हेतू होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बोन आघाडीवर गेले. रणगाडे प्रथम उतरले, तेव्हा ते फ्रान्समध्येच होते.

त्यांची रेखाटने 'द वेस्टर्न फ्रंट' या नावाने १९१६ च्या अखेरीपासून मासिक भागांतून प्रसिद्ध होऊ लागली. सरसेनापती डग्लस हेग यांची प्रस्तावना त्यांना लाभली होती. 'टँक्स' हे त्यांचे चित्र याच संग्रहातील आहे. बोन यांची वृत्ती नाट्याकडे झुकणारी नव्हती. उद्ध्वस्त देवळे, तोफांचे तळ, रस्त्यांवरील वर्दळ हे विषय ते कोळशाच्या व पेनच्या शांत रेषेने हाताळत. त्यांचे युद्ध फारच निवांत वाटते, असा आक्षेप काहींनी घेतला. पण डोळ्यांनी पाहून काढलेले चित्र आणि ऐकून काढलेले चित्र यांतील अंतर त्यांच्या रेषेत स्पष्ट जाणवते.

या संग्रहाच्या मजकुराची कथा चित्रांइतकीच बोलकी आहे. तो लिहिला सी. ई. माँटेग्यू यांनी. 'मँचेस्टर गार्डियन'चे हे नामवंत पत्रकार सत्तेचाळिसाव्या वर्षी सैन्यात भरती होण्यासाठी पांढरे केस काळे करून गेले होते. सरकारी चित्रांखाली धीराचे शब्द लिहिणाऱ्या याच लेखकाने युद्धानंतर, १९२२ मध्ये, 'डिसएन्चान्टमेंट' हे भ्रमनिरासाचे पुस्तक लिहिले. चित्रे तीच राहिली, त्यांखाली लिहिणारा माणूस मात्र बदलला होता.

पोलादाच्या आत

युद्धकाळातील बहुतेक चित्रांत रणगाडा बाहेरून दिसतो. तो उंच असतो, उतारावरून खाली झेपावत असतो, त्याच्यापुढे शत्रू पळत असतो. चित्रात जे सहसा नाही, ते त्या पोलादाच्या आत होते.

'मार्क १' हा पहिला रणगाडा सुमारे २८ टन वजनाचा होता. त्याचे इंजिन १०५ अश्वशक्तीचे आणि सपाटीवरील कमाल वेग ताशी सुमारे ६ किलोमीटर, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाएवढा. खड्ड्याखळग्यांच्या जमिनीवर तो याहून बराच कमी भरे. आत आठ माणसे असत. इंजिनासाठी निराळा कप्पा नव्हता. ते या आठ जणांच्या मधोमध धडधडत असे. उष्णता असह्य होई, धुरातील कार्बन मोनॉक्साइडने माणसे ओकत, बेशुद्ध पडत. आवाज इतका की, बोललेले ऐकू येत नसे. मागच्या गिअरवाल्यांना इशारा देण्यासाठी चालक इंजिनाच्या आवरणावर हातोडी आपटी. रणगाडा वळवायचा तर चौघांना एकाच वेळी काम करावे लागे. बाहेरून गोळी आदळली की सांध्यांतून वितळलेल्या शिशाचे व पोलादाचे कण आत उडत. त्यांपासून डोळे वाचविण्यासाठी पुढे चामड्याचे आणि साखळ्यांची जाळी लावलेले मुखवटे देण्यात आले. संदेश पाठविण्यासाठी सोबत कबुतरे असत.

त्या पहिल्या दिवशी ४९ रणगाडे लढाईसाठी सिद्ध होते. त्यांतील सुमारे एक-तृतीयांश आरंभरेषेपर्यंत पोहोचण्याआधीच बंद पडले किंवा चिखलात रुतले. पुढे गेलेल्यांपैकीही थोडेच शत्रूच्या खंदकांपलीकडे टिकले. अजिंक्य श्वापदाचे चित्र आणि ही आकडेवारी शेजारी ठेवून पाहिली म्हणजे चित्राने काय वगळले, ते कळते. आठ घामेजलेल्या, गुदमरलेल्या तरुणांच्या जागी चित्रात एक स्वयंचलित दैत्य आला. यंत्र स्वतःच लढते, ही समजूत आघाडीपासून दूर असलेल्या समाजाला सोयीची होती. कारण यंत्र मरत नाही.

माणसाचे मरण दाखविण्याची मुभा तर अधिकृत चित्रकारांनाही नव्हती. सी. आर. डब्ल्यू. नेव्हिन्सन यांच्या 'पाथ्स ऑफ ग्लोरी' या चित्रात काटेरी तारांजवळ पडलेले दोन मृत ब्रिटिश सैनिक होते. सेन्सॉरने ते दाखविण्यास मनाई केली. १९१८ मध्ये लंडनच्या लेस्टर गॅलरीत नेव्हिन्सन यांनी ते चित्र तपकिरी कागदाची पट्टी चिकटवून आणि तिच्यावर 'सेन्सॉर्ड' हा शब्द लिहून टांगले.

बँकेत, भिंतीवर आणि कपाटात

२० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रे येथे ब्रिटिशांनी ४७६ रणगाडे एकवटून हल्ला केला. पहिल्या दिवसाच्या यशाने लंडनमध्ये चर्चच्या घंटा वाजल्या. मिळविलेला बराचसा मुलूख जर्मन प्रतिहल्ल्यात लवकरच गेला. पण रणगाड्याची प्रतिमा पक्की झाली ती कायमची. त्याच महिन्यात 'टँक बँक' मोहीम सुरू झाली. खरे रणगाडे शहराशहरांच्या चौकांत उभे करून युद्धकर्जाचे रोखे विकले जाऊ लागले. आघाडीवरून परत आणलेला 'एग्बर्ट' हा रणगाडा त्यांत विशेष गाजला. त्यांच्याबरोबर भित्तिपत्रके, पोस्टकार्डे, रणगाड्याच्या आकाराचे गल्ले आणि चिनी मातीच्या शोभेच्या वस्तू यांची लाट आली. युद्धानंतर अडीचशेहून अधिक रणगाडे ब्रिटनमधील गावांना भेट देण्यात आले. पुढे जवळजवळ सारे भंगारात गेले. केंट परगण्यातील ॲशफर्डचा रणगाडा मात्र जागेवर राहिला.

अमेरिकेत ऑगस्ट हुटाफ यांनी रणगाडा दलाच्या भरतीसाठी केलेले भित्तिपत्रक या परंपरेतील सर्वांत गाजलेल्या चित्रांपैकी एक होय. रणगाड्यांवरून नख्या परजून झेपावणारे काळे मांजर त्यात आहे. लढाईचा तपशील नाममात्र, आवेश पुरेपूर. भरती हाच हेतू असल्याने त्याने सत्यतेचा दावा केलाही नाही, आणि म्हणून ते एका अर्थी अधिक प्रामाणिक आहे.

रणगाडाविरुद्ध रणगाडा अशी झुंज या युद्धात फार क्वचित झाली. अशी पहिली लढत २४ एप्रिल १९१८ रोजी व्हिलेर-ब्रेतोन्यू गावाजवळ घडली. जर्मनांकडे स्वतःचे 'ए७व्ही' रणगाडे अवघे वीसच्या आसपास होते. त्या झुंजीची जी नाट्यमय चित्रे आज दिसतात, ती मागाहून, वर्णनांच्या आधारे रचलेली असतात.

युद्धस्मारकांनाही रणगाड्याचे खरे रूप पचले नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समधील दालनासाठी फ्रँक ब्रँग्विन यांनी विसाव्या दशकाच्या मध्यास 'अ टँक इन ॲक्शन' हे भव्य चित्र केले. ते त्या वास्तूसाठी अतिशय भीषण ठरले आणि त्यांना विषयच बदलावा लागला. ते चित्र पुढे वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले.

छाप ओळखावी कशी

संग्राहकाच्या दृष्टीने 'युद्धकालीन छापचित्र' या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, चित्रकाराने स्वतः दगडावर किंवा पत्र्यावर काढून मर्यादित प्रतींत छापलेले मूळ छापचित्र. दुसरी, एखाद्या रेखाटनाची यांत्रिक पद्धतीने काढलेली प्रत. बोन यांच्या संग्रहातील पाने या वर्गात मोडतात. तिसरी, युद्धानंतर, कित्येकदा अर्धशतकानंतर, पलटणींच्या आणि हौशी मंडळींच्या मागणीवरून केलेली स्मरणचित्रे. तिन्हींना आपापले मोल आहे, पण ते एक नाही.

शिळाछापाची ओळख महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या चित्रशाळेने आणि राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने दगडावरून छापलेली चित्रे एके काळी घराघरांत होती. त्याच पद्धतीने १९१७ मध्ये ब्रिटनमध्ये 'ब्रिटन्स एफर्ट्स अँड आयडियल्स' हा ६६ शिळाछाप चित्रांचा संच निघाला. बोन, नेव्हिन्सन, ब्रँग्विन अशा १८ कलावंतांनी तो घडविला. तोफा, जहाजे, विमाने यांची निर्मिती त्यात आहे. रणगाड्यांना मात्र स्वतंत्र विभाग नाही.

साध्या भिंगातून पाहिले तरी बरेच उलगडते. शिळाछापात खडूचा अनियमित, दाणेदार पोत दिसतो. अम्लरेखनात पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटलेला असतो. वृत्तपत्री हाफटोन ठशात ठिपक्यांची आखीव जाळी दिसते. संगणकीय छपाईत रंगाचे अतिसूक्ष्म शिंतोडे असतात. चित्रातच छापलेली स्वाक्षरी आणि समासात पेन्सिलीने केलेली स्वाक्षरी यांतही मोठा फरक आहे. जुन्या ग्रंथातून पाने कापून, चौकटीत बसवून 'मूळ चित्र' म्हणून खपविण्याची प्रथाही जुनीच आहे.

विषयाचा काळ ओळखण्यास रणगाडाच साक्ष देतो. १९१६ च्या 'मार्क १'ला मागे सुकाणूची दोन चाके असत आणि हातबॉम्ब घरंगळून जावेत म्हणून काहींच्या टपावर जाळीचे छप्पर असे. ती चाके पुढे काढून टाकण्यात आली. १९१७ च्या 'मार्क ४'वर चिखलातून सुटण्यासाठी लाकडी ओंडका आणि त्यासाठीचे रूळ आले. पुढच्या बाजूचे पांढरे-तांबडे-पांढरे ओळखपट्टे १९१८ मधील. फिरता बुरूज असलेला छोटा रणगाडा फ्रेंच 'रेनॉ'चा. 'सोम, १९१६' असे नाव असलेल्या चित्रात ओंडका आणि तांबडे पट्टे दिसले, तर चित्रकाराने ते त्या लढाईत पाहिलेले नाही, हे निश्चित समजावे.

जप्त झालेली चित्रे

दुसऱ्या महायुद्धात चित्रकारांची यंत्रणा अधिक पद्धतशीर झाली. ब्रिटनमध्ये केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये युद्धचित्रकारांची समिती स्थापन झाली. तिच्या संग्रहातील निवडक चित्रांच्या स्वस्त पुस्तिका १९४२ पासून निघाल्या. टेरेन्स कुनिओ यांच्यासारखे चित्रकार कारखान्यांतील रणगाडानिर्मितीही रंगवू लागले. अमेरिकेत १९४३ मध्ये संसदेने लष्करी चित्रकारांचा निधी तोडला, तेव्हा 'लाइफ' साप्ताहिकाने त्यांतील अनेकांना आपल्या पदरी घेतले. जर्मनीत 'सिग्नल' या सचित्र नियतकालिकासाठी हान्स लिस्का यांच्या चपळ रेषेने युद्ध रंगवले.

युद्ध संपल्यावर पेच उभा राहिला. अमेरिकी सैन्यातील कॅप्टन गॉर्डन गिल्की, जे स्वतः छापचित्रकार होते, त्यांच्याकडे जर्मन युद्धचित्रे गोळा करण्याचे काम आले. सुमारे ८,७०० कलाकृती जप्त होऊन अमेरिकेत नेण्यात आल्या. कारण त्या सैनिकी वृत्तीला खतपाणी घालतात, असे मानले गेले. काही चित्रे पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी आणि सहा हजारांहून अधिक १९८६ मध्ये जर्मनीला परत मिळाली. उघड नाझी प्रचाराची चित्रे मात्र अमेरिकेतच ठेवण्यात आली. थकलेल्या सैनिकाचे रेखाटन आणि नेत्याचे उदात्तीकरण एकाच पेटीत सापडले, तेव्हा कला कुठे संपते आणि प्रचार कुठे सुरू होतो, हे चित्रागणिक ठरवावे लागले. तोच विवेक विजेत्यांच्या चित्रांनाही लावायला हवा. तो मात्र फार थोड्यांनी लावला.

हाय वूडपासून असल उत्तरपर्यंत

सोमच्या या इतिहासाला एक भारतीय पदर आहे. १४ जुलै १९१६ रोजी हाय वूड नावाच्या रानाजवळ '२० डेक्कन हॉर्स'च्या घोडेस्वारांनी भाले सरसावून चढाई केली. दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबरला, त्याच रानात रणगाडे पाठविण्यात आले आणि तुटक्या बुंध्यांत अडकून पडले. घोडा आणि यंत्र, दोघांनाही त्या भूमीने अडविले. काळाने कौल दिला तो यंत्राला. याच डेक्कन हॉर्सने १९६५ च्या सप्टेंबरमध्ये पंजाबातील असल उत्तर येथे शेर्मन रणगाड्यांनिशी पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांशी सामना केला. त्याच युद्धात सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना, आणि १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत त्याच पलटणीचे, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना वीरमरण आले. दोघेही परमवीरचक्राचे मानकरी. दोघांचाही शेवट रणगाड्यासोबतच झाला.

पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथे १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय विविध देशांचे रणगाडे जवळून दाखवते. युद्धचित्रांच्या अभ्यासकाने तिथे एकदा उभे राहून पाहावे. पाहण्याची फट किती अरुंद, आत शिरण्याचे झाकण किती लहान आणि पेटल्यावर त्यातून बाहेर पडणे किती अवघड, हे छापलेल्या चित्रातून कधीच उमगत नाही.

रणगाड्याचे जुने छापचित्र हाती आले की कागद, ठिपके, स्वाक्षरी, ओंडका, पट्टे हे सारे अवश्य तपासावे. ते कोणी, कोणाच्या परवानगीने आणि कोणासाठी काढले, हेही विचारावे. आणि मग त्या पोलादी भिंतीआड चित्रकाराने न दाखविलेली माणसे किती असतील, तेही मोजावे. 'मार्क १' असेल, तर त्याचे उत्तर आठ आहे.